मोठ्या गाडीतून उतरा, छोट्या गाडीत बसा



आजच्या गप्पांचा विषय आहे सहल. गटात सहलीचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. गणपतीपुळे, कोल्हापूरची अंबाबाई, पंढरपूर, शिर्डी. देवाला जाते म्हटलं की घरातून कोणी अडवत नाही, म्हणून ही नावं आधी येतात. त्यात काही वावगं नाही. पण आज आम्ही सांगणार आहोत एका वेगळ्या सहलीबद्दल. मोठ्या रेल्वेने जायचं, एका ठिकाणी उतरायचं, आणि तिथून जुन्या, छोट्या झुकझुकगाडीत बसून डोंगर चढायचा. आपल्या सगळ्यांत जवळची अशी गाडी आहे नेरळ ते माथेरान.

हा विषय आम्ही काढला तेव्हा एका काकींनी लगेच विचारलं, "गाडी बघायला एवढ्या लांब कशाला? ती तर रोज दारातून जाते." प्रश्न बरोबर आहे. कोकण रेल्वे आपल्या गावांवरून दिवसरात्र धावते. रोह्यापासून मंगळूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाला. आपल्या रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. दरीवरचे पूल बघायला लांबून माणसं येतात. पण जरा आठवून बघा, आपण त्या गाडीत कधी बसतो? गणपतीला मुंबईकर आणायला स्टेशनवर जातो. मुंबईला कोणाचं ऑपरेशन असलं, सुनेचं बाळंतपण असलं, कोणी गेलं, लग्न असलं, तर बसतो. कामाशिवाय, स्वतःसाठी, नुसतं बघायला म्हणून गाडीत बसलेल्या बायका आपल्या गावात किती निघतील? हात वर करायला सांगितलं तर फार हात वर येणार नाहीत. म्हणून काकींच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

आधी वाफेचं बघू.

कोकणात रेल्वे आली तीच डिझेलवर, आणि २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर गेला. त्यामुळे आपल्या रुळांवर रोजची गाडी ओढणारं धुराचं इंजिन कोणी पाहिलेलं नाही. पण वाफ आपल्याला अनोळखी नव्हती. आपल्याकडे वाफ समुद्रातून आली. जुन्या बाया ज्या आगबोटीच्या गोष्टी सांगतात, ती आगबोट म्हणजे वाफेवर चालणारी बोट. घाटावरच्या लोकांना आगगाडी, आपल्याला आगबोट. पाठीमागचं काम एकच.

ते काम समजायला शाळेत जायला नको, आपली चूल पुरे. मोदक उकडताना झाकण थडथड उडतं ना? एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० लिटर जागा मागते. जागा मिळाली नाही की ढकलते. झाकणाला ढकलते तशीच इंजिनात दट्ट्याला ढकलते. दट्ट्या पुढेमागे होतो, त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते, तोच आपला 'झुक' आवाज. आणि यात एक गंमत आहे. बाहेर पडणारी ती वाफ जाता जाता धूर आणि हवा वर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजा वारा शिरतो आणि जाळ फुलतो. आपण फुंकणीने खालून फुंकतो, इंजिन वरून ओढतं. गाडी जितकी जोरात ओढायची, तितका जाळ आपोआप भडकतो.

पण चूल सांभाळणारीला ठाऊक असतं, तिला सारखं काही ना काही लागतं. या इंजिनालाही कोळसा लागतो, पाणी लागतं, राख काढायला माणूस लागतो. सकाळी निघायचं तर कितीतरी तास आधी भट्टी पेटवावी लागते. म्हणून डिझेल आणि वीज आल्यावर जगभर ही इंजिनं बंद झाली. इंग्लंड म्हणजे आगगाडीचं माहेर. तिथे रोजच्या रेल्वेवरची वाफेची शेवटची गाडी ऑगस्ट १९६८ मध्ये धावली. आपल्या देशात ती आणखी बरीच वर्षं टिकली. विदर्भातल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या छोट्या मार्गावर, जिला लोक शकुंतला म्हणतात, त्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं.

आता एक गोष्ट सांगतो. ती इंग्लंडमधली आहे, पण ऐकताना आपल्याच एखाद्या ग्रामसभेतली वाटेल.

लंडनच्या दक्षिणेला ससेक्स म्हणून भाग आहे. तिथे लुईस ते ईस्ट ग्रिनस्टेड असा एक छोटा रेल्वेमार्ग होता. गावागावांतून जाणारा, गर्दी थोडी. तोटा होतो म्हणून सरकारी रेल्वेने १९५५ मध्ये तो बंद केला. त्या गावांत मॅज बेसेमर नावाच्या एक बाई राहत होत्या. त्या गप्प बसल्या नाहीत. हा मार्ग बांधताना संसदेने जो कायदा केला होता, तो जुना कायदा त्यांनी काढून वाचला. त्यात लिहिलेलं सापडलं की या मार्गावर रोज चार गाड्या चालवायलाच हव्यात. म्हणजे कायदा न बदलता मार्ग बंद करणं हेच बेकायदेशीर होतं. १९५६ मध्ये रेल्वेला गाड्या परत सुरू कराव्या लागल्या! पुढे १९५८ मध्ये संसदेतून रीतसर मंजुरी घेऊन रेल्वेने तो मार्ग पुन्हा बंद केला. पण दरम्यान लोक जागे झाले होते. त्यांनी संस्था काढली, वर्गणी गोळा केली, मार्गाचा एक तुकडा ताब्यात घेतला आणि ऑगस्ट १९६० मध्ये स्वतः गाडी चालवली. हीच ब्लूबेल रेल्वे. आजही चालते. इंजिन चालवणारे, तिकीट देणारे, डबे रंगवणारे, चहा देणारे, यांतले बरेच जण बिनपगारी काम करतात.

पण या गाडीची एक अडचण होती. तिचा तुकडा मुख्य रेल्वेपासून तुटलेला होता. लंडनहून येणाऱ्याला बाकीचा रस्ता मोटारीने गाठावा लागायचा. जोडायचं म्हटलं तर मध्ये डोंगर खोदून केलेला रेल्वेचा खोल चर होता, आणि मार्ग बंद असतानाच्या काळात तो चर गावच्या घरगुती कचऱ्याने भरून टाकलेला होता. हो, कचरा! आपल्या गावाबाहेरच्या वहाळात टाकतात तसाच. संस्थेने वर्षानुवर्षं देणग्या जमवल्या, तो कचरा उपसला, त्यातला बराचसा रेल्वेनेच वाहून नेला आणि तिथे रूळ टाकले. मार्च २०१३ मध्ये ब्लूबेल रेल्वे पुन्हा ईस्ट ग्रिनस्टेडला मुख्य रेल्वेला जोडली गेली. आता मोठ्या मार्गावरून सहलीच्या गाड्या थेट या जुन्या मार्गावर येऊ शकतात.

अशा सहली इंग्लंडमध्ये बऱ्याच निघतात. एखादं जपलेलं वाफेचं इंजिन मोठ्या शहरातून गाडी घेऊन निघतं. मुख्य मार्गावर त्याला विजेच्या गाड्यांच्या वेळापत्रकात आपली जागा शोधावी लागते. इंजिनाची तपासणी होऊन दाखला असावा लागतो, चालकाला त्या कामाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. जुन्या काळची पाण्याची सोय स्टेशनांवर राहिली नाही, म्हणून वाटेत टँकर उभा करून इंजिनाला पाणी पाजतात. एवढा खटाटोप करून गाडी शेवटी छोट्या मार्गावर वळते, एखाद्या खेड्यातल्या स्टेशनात थांबते आणि शेकडो माणसं खाली उतरतात. तीन-चार तास ती गावात असतात. जेवतात, फिरतात, लोणच्याची बाटली घेतात आणि परत जातात.

हे 'खाली उतरतात' लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

आता आपल्या नेरळला येऊ. तिथे मोठी गाडी छोट्या मार्गावर जाऊच शकत नाही. मुंबई–पुणे मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. माथेरानच्या गाडीचं फक्त दोन फूट. आपला घरातला पाट दोन रुळांवर आडवा ठेवला तर जवळजवळ पोचेल, इतकं कमी. डोंगराच्या कडेने वळत वळत जायचं तर रुंद मार्गाला डोंगर फार फोडावा लागला असता. अरुंद मार्ग डोंगराच्या अंगाअंगाने जातो.

हा मार्ग सरकारने बांधलेला नाही. मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तो बांधला. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर, आणि माथेरान सुमारे ८०० मीटर. काही ठिकाणी चढ इतका तीव्र आहे की वीस पावलं पुढे जाताना एक पाऊल वर चढावं लागतं. आपल्याला पाखाडी चढायची सवय आहे, आपल्याला हे काही वाटायचं नाही. पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर एवढा चढ म्हणजे फार होतो.

यासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाईन अँड कॉपेल कंपनीकडून चार खास वाफेची इंजिनं आणली. त्यांची पुढची आणि मागची चाकं वळणावर थोडी आजूबाजूला सरकायची, म्हणून ती आखूड वळणं घेऊ शकायची. या मार्गाच्या आखणीत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा सल्ला होता. याच साहेबांनी आधी बार्शी लाइट रेल्वे उभी केली होती. बार्शीची ती छोटी गाडी १९०६ पासून कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाऊ लागली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांपैकी ज्या कोणी रेल्वेने वारीला गेल्या असतील, त्यांनी हेच केलं, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरल्या, पडशी काखेला मारली आणि छोट्या गाडीत बसल्या. आज आपण ज्याला हौसेची सहल म्हणतोय, ती त्यांची रोजची वाट होती. आता तो मार्गही मोठा झाला आणि गाडी सरळ पंढरपूरला जाते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची मोठीच सोय झाली, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

माथेरानची वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात निवृत्त झाली. त्यातलं एक नेरळला ठेवलेलं आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. आता गाडी डिझेल इंजिन ओढतं. अलीकडे एका डिझेल इंजिनाला जुन्या वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं आहे. दिसायला छान आहे, पण आत वाफ नाही, हे जाणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं, म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही. खऱ्या वाफेच्या गाडीत बसायचं असेल तर तमिळनाडूत मेट्टुपालयम ते कुन्नूर हा निलगिरीचा मार्ग आहे, किंवा लांब दार्जिलिंग आहे. दार्जिलिंगची गाडी १९९९ मध्ये आणि निलगिरीची २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. गटाची पहिली सहल नेरळची झाली, तर तिसरी-चौथी निलगिरीची का होऊ नये?

आता नेरळला काय घडतं ते सांगतो.

मोठी गाडी छोट्या रुळावर जात नाही, म्हणून प्रत्येकाला उतरावंच लागतं. उतरलेल्या माणसाला भूक लागते, तहान लागते, टोपी विसरलेली असते, पोर रडत असतं. मग वडापाव आला, चहा आला, काकडी आली, उन्हाळ्यात जांभळं-करवंदं आली. गाडी डोंगर चढायला अडीच तासांहून जास्त घेते. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी वाटेत स्टेशनं आहेत. वॉटर पाईप हे नावच सांगतं की वाफेच्या काळात तिथे इंजिन पाणी प्यायला थांबायचं. इंजिन थांबलं की माणसं थांबायची. पुढे वर गेल्यावर पुन्हा तेच. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. त्यापुढे चालत, घोड्यावर, किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. प्रत्येक टप्प्यावर माणूस उतरतो, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी घरची चूल पेटते.

उलट आपल्याकडे बघा. कोकण रेल्वेच्या जलद गाड्या आपल्या गावावरून ताशी शंभराच्या आसपास वेगाने जातात. आपण बांधावर उभं राहून हात हलवतो. गाडीतल्या माणसाला आपण ठिपक्याएवढे दिसतो. त्याच्या खिशात पैसे आहेत, आपल्या टोपलीत काजू आहेत, कोकम आहे, पण मध्ये थांबा नाही. मुख्य मार्ग माणूस पुढे नेतो, तो त्याचा धर्मच आहे. गावाला घास मिळतो तो माणूस उतरल्यावर.

पण हेही चित्र एका बाजूनेच सांगून चालणार नाही. माथेरानला आणखी एक गोष्ट दिसते, ती आमच्या मनातून जात नाही. दस्तुरीपासून पुढे पाहुण्यांच्या जड बॅगा डोक्यावर घेऊन लाल मातीच्या रस्त्याने चालणाऱ्या बायका. पाठीमागून पाहुणे रिकाम्या हाताने फोटो काढत येतात. आपण मोळ्या आणि हंडे वाहिलेल्या बायका, आपल्याला त्या मानेकडे बघितलं की वजन कळतं. तिथे माणसांनी ओढायच्या हातरिक्षा होत्या, त्या सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं शोभत नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा पर्यटन आलं की बाईचं भलं होतं, असं आपोआप होत नसतं. येणाऱ्या पैशातला कोणता वाटा बाईच्या हातात पडतो, हमालीचा की मालकीचा, हे बघायला हवं. टपरी तिच्या नावावर आहे का? खोली भाड्याने देते ती घरमालकीण हिशेब स्वतः ठेवते का? सहलीला जाल तेव्हा सृष्टी बघा, माकडं बघा, आणि हेही बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे अशी गाडी फार नाजूक असते. जुलै २००५ च्या त्या मोठ्या पावसात, ज्यात आपल्या कोकणानेही खूप सोसलं, माथेरानचा मार्ग वाहून गेला. तो परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये डबे रुळावरून घसरले म्हणून गाडी बंद झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग खचला, आणि नेरळहून वर जाणारी गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत धावू लागली. तीन वर्षं! ज्या बाईचं पोट थांब्यावर आहे तिने ही तीन वर्षं काय केलं असेल, याचा विचार करा. मध्ये करोनाही येऊन गेला. म्हणून एकाच गाडीवर, एकाच हंगामावर, एकाच गिऱ्हाइकावर सगळं ठेवायचं नाही. आंब्यावर सगळं ठेवून अवकाळी पाऊस आला की काय होतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी. एक, सहलीला जायचं. दोन, परत येऊन आपल्या गावाकडे त्या नजरेने बघायचं.

आधी सहलीचं. नेरळहून थेट वर जाणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. त्या काळात फक्त अमन लॉज ते माथेरान एवढाच फेरा चालतो. आपल्यालाही तेव्हा लावणी-कापणीतून सवड नसते. भात घरात आलं, भाऊबीज झाली, की शिमग्याच्या आधी जो मोकळा काळ मिळतो तो धरा. त्यातही आंबा-काजूच्या बागा ज्यांच्या आहेत त्यांना मार्गशीर्ष-पौष बरा. शनिवार-रविवार टाळा, मुंबईची गर्दी असते.

रत्नागिरीहून मुंबईकडे जाणारी रात्रीची गाडी धरली की सकाळी ठाण्याला उतरता येतं. ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल, ती नेरळला थांबते. लोकलमध्ये बायकांचा डबा असतो, पण चढताना सगळ्यांनी एकाच दारातून चढा आणि उतरल्यावर मोजणी करा. छोट्या गाडीत जागा मोजक्या असतात, म्हणून तिकिटाची पद्धत आणि वेळ आधीच विचारून ठेवा. आपल्या गावातल्या मुंबईकरांपैकी कोणीतरी कर्जत-बदलापूरकडे राहतंच, त्याला एक फेरी मारायला सांगा. जाताना गाडीने आणि येताना टॅक्सीने असंही करता येतं. वर प्रवेशाचा कर घेतात, त्याचे सुटे पैसे वेगळे ठेवा. ज्यांना गाडी लागते त्यांनी आमसूल जवळ ठेवा. भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी घरूनच न्या. पण चहा मात्र तिथल्या बाईच्या टपरीवर प्या, आणि तिच्याशी बोला.

आता पैशाचं. इथे आम्ही स्पष्ट सांगतो. सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून किंवा अंतर्गत कर्जाच्या रकमेतून काढायचा नाही. तो पैसा कोणाच्या तरी बियाण्याचा, कोणाच्या दवाखान्याचा असतो. सहलीसाठी वेगळी वर्गणी, वेगळं पान, वेगळा डबा. समजा पंधराजणी आहेत. प्रत्येकीने महिन्याला ५० रुपये टाकले तर दहा महिन्यांत प्रत्येकीचे ५०० होतात आणि सगळ्यांचे मिळून ७,५००. जेवण घरचं नेलं आणि साध्या डब्याने गेलं तर खर्चाचा मोठा भाग त्यातून निघतो. उरलेलं आधी मोजून, वाटून घ्यायचं. एखादीला ५० जड जात असतील तर ती २० टाकेल आणि बदल्यात सगळ्यांची भाकरी थापेल. ठराव इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. सहल झाल्यावर हिशेब बैठकीत वाचून दाखवा. पंचसूत्री काय फक्त कर्जासाठी आहे?

आणि घरचं. 'दोन दिवस चुलीचं कोण बघणार' हा प्रश्न प्रत्येक घरात येणार. आम्ही एवढंच म्हणू की तो प्रश्न एकटीने सोडवू नका. गटाने मिळून घरच्यांना सांगावं. सगळ्यांच्या घरी एकाच वेळी सांगितलं की एकटी उठून दिसत नाही. सासूबाईंनाही बरोबर घ्या, जागा असली तर. ज्या सासूने उभ्या आयुष्यात आगबोट आणि एसटी सोडून काही पाहिलं नाही, तिला खिडकीशी बसवा.

आता परत आल्यावरचं काम. आपल्याकडे झुकझुकगाडी नाही आणि कोणी आणूनही देणार नाही. पण माणसाला खाली उतरवणारी गोष्ट म्हणजे गाडीच असते असं नाही. रत्नागिरी तालुक्यातच बघा. थिबा राजवाडा आहे, लोकमान्य टिळकांचं जन्मघर आहे, गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. निवळी, उक्षी अशा गावांच्या सड्यांवर जुन्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली काही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. ती आपल्या पाणंदीच्या शेजारी हजारो वर्षं पडून आहेत. शेणी थापायला गेलेल्या बायांनी ती पाहिली आणि 'पांडवांनी काढलंनी' म्हणून सोडून दिली. आज ती बघायला माणूस येतो, फोटो काढतो आणि पाणीही न पिता निघून जातो. कारण थांबावं असं तिथे काही नाही. स्वच्छ मुतारी नाही, सावली नाही, ताक नाही.

ब्लूबेलच्या त्या मॅज बाईंनी काय केलं होतं? त्यांनी इंजिन विकत घेतलं नाही. त्यांनी एक कागद वाचला आणि प्रश्न विचारला. आपणही तेवढं करू शकतो. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पर्यटनाचं, स्वच्छतागृहाचं काय लिहिलंय ते काढून बघा. तो आराखडा आपला आहे, वाचायला मागणं हा आपला हक्क आहे. आणि ब्लूबेलच्या लोकांनी जसा साठलेला कचरा उपसून रूळ जोडले, तसा आपल्या वाटेवरचा कचरा उपसणं हेही जोडण्याचंच काम आहे. ते काम मात्र फक्त बायांच्या अंगावर पडता कामा नये. ठराव सगळ्या गावाचा करा, पुरुष मंडळींनाही झाडू द्या.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या आणि उत्तरं वहीत लिहा. पहिला, आपल्या गावात बाहेरचा माणूस कुठे उतरतो, किंवा उतरू शकेल? दुसरा, तो उतरला तर पहिल्या अर्ध्या तासात त्याला काय लागेल, आणि त्यातलं आपल्या घरात काय तयार आहे? तिसरा, त्यातून येणारा पैसा कोणाच्या खात्यात जाईल?

उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. आम्ही येऊ, मिळून बघू. आणि सहलीची वर्गणी याच महिन्यापासून सुरू करा, म्हणजे पुढचं भात घरात येईपर्यंत डबा भरलेला असेल.

बरं तर, येतो आम्ही. नमस्कार.